पुन्नागवराळीच्या वर

१८ फेब्रुवारी १९९६, रविवार

आज मी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायला हो म्हणून बसले. कशी, ते मलाच नीट कळलेलं नाही, म्हणून लिहून काढते. तमिळ मुलखात पिढ्या गेलेलं आमचं मराठी घर, त्यात देवनागरी वाचता येणारी आता मी एकटीच. बाबा सरस्वती महाल ग्रंथालयात कामाला होते, त्यांनी ही लिपी मांडीवर बसवून शिकवली. ह्यांना वाचायला तमिळ आणि इंग्रजीच येतं, आणि लेकीला, साईप्रियाला, मराठी कळतं पण बोलताना अडतं. तेव्हा वही उघडी टाकून गेले तरी काळजी नाही.

दुपारी ज्ञानसुंदरी टीचर आल्या. मुलींच्या शाळेत आम्ही कितीतरी वर्षं बरोबर होतो. त्या तमिळ शिकवायच्या, मी संगीत. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा, की जिन्यातून बोलल्या तर माडीवरची कबुतरं उडतात. आज मात्र हळू बोलत होत्या, आणि तिथेच मी घाबरले.

त्यांच्या चर्चमध्ये तीन तऱ्हेची गाणी चालतात. एक, क्वायरची: विलायती चाली, तमिळ शब्द, साथीला ऑर्गन. दुसरी, तरुण पोरांची: गिटार, ड्रम आणि सिंगापूरहून कुणीतरी आणलेला कीबोर्ड. तिसरी, टीचर म्हणतात तशा त्यांच्या ‘कीर्तनै’: आपल्या रागांतली, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली. आता चर्चच्या कमिटीचं म्हणणं असं, की ईस्टरपासून साडेआठच्या मोठ्या उपासनेत पहिली दोनच ठेवायची. कीर्तनै पहाटेच्या उपासनेत म्हणा.

“पहाटे कोण येतं सरस्वती? आम्ही म्हाताऱ्या. मुलं साडेआठला येतात. त्यांच्या कानावर पडलं नाही, तर माझ्याबरोबर संपलंच ते,” टीचर म्हणाल्या. त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. येशूची सगळी कथा तिला या गाण्यांतून पाठ होती, आणि टीचरना ती तिच्याकडून मिळाली, स्वयंपाक करता करता.

त्यांचा व्हायोलिनवाला मुलाकडे मद्रासला गेला. म्हणून मी. “आमच्या अय्यरांशी बोलून घेते,” असं म्हणून त्या उठल्या. त्यांच्यात पाद्र्याला अय्यर म्हणतात, एरवी अय्यर म्हणजे तमिळ ब्राह्मण. ह्यांनी आतून ते ऐकलं आणि ओरडून विचारलं, “कोणचा अय्यर? आपला कुंभकोणमचा?”

२५ फेब्रुवारी, रविवार

पाहून घ्यावं म्हणून साडेआठच्या उपासनेला गेले. मागच्या बाकावर बसले. चपला बाहेर काढायच्या असतात हे बघून जरा बरं वाटलं.

काय लिहू? क्वायर उभं राहिलं. डॅनियल सार म्हणून त्यांचे मास्तर आहेत, वाळकी मूर्ती, बँकेत कॅशियर. त्यांनी बोट उचललं आणि ऑर्गन सुरू झाला. तो कानाआधी बाकातून कळतो. मग बायका एक म्हणताहेत, दुसऱ्या बायका त्याच्या खालून वेगळंच, पुरुष तिसरं, आणि तळाशी चार-पाच जण अगदीच चौथं. मला वाटलं, चुकले! आता थांबतील. पण थांबले नाहीत. ते चारही निरनिराळे चालत राहिले आणि तरी एकच काहीतरी उभं राहिलं, छतापर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. पन्नाशी उलटली माझी, रोज हातात व्हायोलिन असतं, आणि दोन माणसं मुद्दाम वेगळं गाऊन एक होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. आमच्यात सगळा जीव एका ओळीत ओततात. यांनी तो चौघांत वाटून दिला होता आणि तो कमी झाला नव्हता.

त्यांच्या गाण्यात एकही गमक नाही, हेही लिहून ठेवते. सूर सगळे कसे इस्त्री केलेले. पण काटा आला तो आला.

मग पोरं. पुढे गिटार घेऊन टीचरचीच नात, बेउला. कॉम्प्युटरचा कोर्स करते, मोपेडवरून हिंडते. तीन स्वरांचं गाणं, तेच तेच शंभरदा, आणि ड्रमचा दणका. मला राग आला. तेवढ्यात बेउलाने डोळे मिटले, मान वर केली, आणि तिच्या गालावरून पाणी आलं. कुणाला दाखवायला नव्हतं ते. मला त्या गाण्याचा राग येतच राहिला आणि त्या पोरीचा हेवा वाटला.

टीचरच्या कीर्तनैला शेवटी जागा मिळाली, वर्गणीच्या पिशव्या फिरत असताना. पाच बायका आणि टीचर ओरडून गात होत्या. लोक पिशवीत हात घालत होते, घड्याळ बघत होते, थोडे जण पुटपुटत होते. गाणं रडत-खडत चाललं होतं, श्रुतीचा पत्ता नव्हता. असं गायल्यावर काढून टाकणार नाहीत तर काय करतील? हे मी टीचरना सांगितलं नाही. पण दुरुस्त करता येईल, एवढं मात्र सांगितलं.

१ मार्च, शुक्रवार

सत्यनाथन अय्यरांना भेटले. पाद्री म्हणजे मला कुणी दाढीवाला वाटला होता. हे तर चाळिशीचे, हसरे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. माझ्याशी फार आदराने बोलले.

“अम्मा, मला ती गाणी आवडतात. माझी आजी म्हणायची. पण आता समोर बसलेली सभा गात नाही हो. चार जण गातात आणि बाकीचे वाट बघतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, तुम्हाला उपासनेच्या मध्यावर जागा देतो. त्या दिवशी सभा गायली, तर मी स्वतः कमिटीशी भांडेन.”

न्याय्य माणूस आहे. म्हणजे आता महिन्याभरात गाणं असं बसवायचं, की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. टीचरना म्हटलं, काळजी सोडा.

६ मार्च, बुधवार

चर्चच्या मागच्या खोलीत तालीम. बाहेर निवडणुकीच्या भोंग्यांच्या गाड्या, आत आम्ही.

टीचरनी निवडलेलं गाणं दुःखाचं आहे. येशू क्रूस घेऊन चालला आहे आणि बायका रस्त्याच्या कडेने रडताहेत. चाल पुन्नागवराळी रागातली, आणि काय चाल आहे! पहिली ओळ ऐकली आणि मी गज खाली ठेवला. ही ओळ माझ्या गुरुजींनी ऐकली असती तर डोळे पुसले असते. कुणी बांधली असेल? टीचरना ठाऊक नाही. “आमच्यात होतीच ती,” म्हणतात.

पण पुढे सगळा घोटाळा. धृपदाच्या शेवटी ‘आंडवरे’, म्हणजे ‘प्रभू रे’, असं येतं. तिथे या बायका सरळ वरच्या षड्जाला जाऊन बसतात, आणि बसतात त्या उठतच नाहीत. पुन्नागवराळी निषादाच्या वर जात नाही! तो रागच तसा आहे, छताखाली वाकून चालणारा. म्हणून तर त्यात इतकं दुःख आहे. मी समजावलं. वाजवून दाखवलं. ‘आंडवरे’ निषादावरच थांबवून, आंदोलन देऊन, खाली आणलं. ते इतकं सुंदर झालं की एक बाई “अय्यो” म्हणाली.

टीचर म्हणाल्या, “पण सरस्वती, तिथेच तर सगळे येतात.”

सगळे येतात म्हणे. कुठे येतात? मी म्हटलं, रागाबाहेर कुणी बोलावलं तरी जाऊ नये.

१४ मार्च, गुरुवार

बायका हुशार आहेत, मात्र कान पिळावा लागतो. लय जरा वाढवली. दुसऱ्या कडव्यात दोन संगती, म्हणजे त्याच ओळीची फिरवलेली रूपं, घातल्या. मृदंगाला माझा विद्यार्थी कार्तिकेय येईल. वरचा षड्ज आता कुणाच्या तोंडून निघत नाही. एकदा टीचरच्या तोंडून निघाला, तेव्हा मी नुसतं बघितलं.

एक बाई म्हणाली, “वरचं गेल्यापासून मला श्वास कुठे घ्यावा तेच कळत नाही.” सवय होईल.

बेउला आजीला न्यायला आली होती. दारात उभी राहून ऐकत होती. मी विचारलं, कसं वाटलं? “खूप सुंदर, आंटी. कॅसेटसारखं,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “आधी असं नव्हतं, नाही का?” मी म्हटलं, नव्हतंच, देवाची कृपा. तिला विचारलं की तुम्हाला आजीची गाणी का नकोत? ती म्हणाली, “नको असं नाही आंटी. पण ती रडवतात. आणि आम्ही म्हणायला लागलो की आजी म्हणते, तुमचं चुकतंय.”

पोरगी खरं बोलते. टीचर आहेतच कडक.

२० मार्च, बुधवार

पाडवा. कडुनिंबाची फुलं, गूळ, सगळं झालं. साईप्रियाचा एसटीडी बूथवरून फोन. मी चर्चमध्ये वाजवते ऐकून ती हसत सुटली. “आई, तू तिथेपण सगळ्यांना ओरडतेस का?” म्हटलं, कुणीतरी ओरडायला नको का.

३१ मार्च, रविवार

झालं! आणि कसं झालं!

सगळ्यांच्या हातात ताडाच्या पात्यांचे क्रूस. मी पुढे जमखान्यावर बसले, मागे अर्धवर्तुळात बायका, सगळ्या एका रंगाच्या साडीत. मी आलापी केली, छोटीशी. टीचरनी पहिली ओळ उचलली, आणि अख्खं चर्च जागच्या जागी थांबलं. वर्गणीच्या वेळी घड्याळ बघणारी तीच ती माणसं! टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कुणी खोकलं नाही, एक मूल रडायला लागलं तर त्याला बाहेर नेलं. मी वर बघितलं तर शेकडो माणसं, आणि एकाचाही ओठ हलत नव्हता. एवढी शांतता मला तिरुवैयारूच्या संगीत उत्सवातही कधी मिळाली नाही. दुसऱ्या कडव्याच्या संगती बायकांनी मोत्यासारख्या उतरवल्या. ‘आंडवरे’ निषादावर थरथरलं आणि खाली आलं. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकतो तेव्हा छातीत जसं होतं, तसं मला वाजवता वाजवता झालं.

संपल्यावर मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. डॅनियल सार येऊन म्हणाले, “अम्मा, कचेरीच झाली.” आमच्याकडे मैफलीला कचेरी म्हणतात, याहून मोठं बक्षीस नको.

टीचर माझा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचा हात गार होता. एवढ्या मोठ्या बाईचं मन भरून आलं, की शब्द फुटेनात.

१ एप्रिल, सोमवार

कीर्तनै गेली. पहाटेच्या उपासनेत.

टीचर सकाळीच आल्या, कॉफीही घेतली नाही. काल संध्याकाळी कमिटी बसली. अय्यर म्हणाले, फार सुरेख झालं, पण सभा गायली नाही. एरवी जे चार जण गायचे तेही काल ऐकत बसले होते. कुणीतरी सुचवलं, वर्षातून एकदा ‘स्पेशल आयटम’ म्हणून ठेवू. तेवढ्यावर मिटलं. आता गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत ते गाणं आधीच छापलेलं आहे, म्हणून तेवढं होईल. मग नाही.

मी भडकले. म्हटलं, बहिरी आहेत का ही माणसं? एवढं ऐकवल्यावर ती गाणार कशी? मध्ये तोंड घालून नासवणार? टीचर म्हणाल्या, “अय्यरांनी गायली तर असंच म्हटलं होतं, सरस्वती.” मी म्हटलं, मग तुम्ही मला तसं सांगायचं होतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मग छत्री घेऊन गेल्या.

कुणाच्या भल्याला जाऊ नये हेच खरं.

२ एप्रिल, मंगळवार

काल जेवण गेलं नाही. आज ह्यांनी बळेच रामनवमीनंतर चालणाऱ्या उत्सवातल्या कीर्तनाला नेलं, आपल्याच गल्लीतल्या मठात. हे झांज वाजवतात. आमचे मामंजी स्वतः कीर्तन करायचे, त्या घरात मी सून म्हणून आले, म्हणजे हे मी जन्मभर बघत आले आहे. आज पहिल्यांदा बघितलं असं वाटलं.

बुवा चांगले होते. साकी झाली, दिंडी झाली, लोक ऐकत होते. मग बुवांनी नामावळी घेतली. ती सांगितल्यावर ते स्वतः थांबले. गवई थांबला! आणि सगळा मठ म्हणायला लागला. कमलाक्षी मावशींचा सूर ढोलात, एकोजी मामांचा लंकेत, मुलं अर्धं अक्षर गिळताहेत. मीही म्हणत होते. बेसूर वाटत असूनही मी कुणाचा कान पिळला नाही. का नाही पिळला?

घरी येताना ह्यांना सगळं सांगितलं. सत्यनाथन अय्यर काय म्हणाले तेही. हे चालता चालता थांबलेच.

“अगे, तो अय्यर शुद्ध बोलला की. गायले तर ठेवतो म्हणाला. तू तेथे जाऊन कचेरी केलीस. कचेरीत कोण मध्ये गातो? मज कोणी गाऊ दिलं अहे का कधी तुझ्या कचेरीत?”

“तुम्ही गायलात तर लोक उठून जातील.”

“तेच सांगतो की मी.”

घरी येऊन व्हायोलिन काढलं. टीचरची चाल जशी होती तशी वाजवून पाहिली, रडत-खडत, हळू. ‘आंडवरे’ला वरच्या षड्जावर गेले आणि तिथे थांबले. मग कळलं. तो स्वर लांब आहे, सपाट आहे, त्यात गमक नाही, मुरकी नाही, काही करायचं नाही. कुणालाही येईल. मुलाला येईल, दात नसलेल्या म्हाताऱ्याला येईल. चुकलं म्हणून कुणी ठेवलेला नाही तो. ते दार आहे. तिथून सगळे आत येतात. टीचर मला पहिल्याच दिवशी सांगत होत्या, आणि मी ते दार लिंपून घेतलं, वर त्यावर नक्षी काढली.

मला फार लाज वाटली. अजून वाटते आहे.

४ एप्रिल, गुरुवार

टीचरच्या घरी जाऊन आले. उंबऱ्यातच म्हटलं, उद्या वर जायचं. त्या म्हणाल्या, “आणि तुझी पुन्नागवराळी?” मी म्हटलं, ती एक दिवस घरी राहील. संगती नाहीत, आलापी नाही, मृदंग नाही. लय तुमच्या आईची. टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आता काय उपयोग, ठरलंय ते.” मग आत जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या. ती मी तोंड भाजेस्तोवर घाईने प्यायले, त्यांनी ती परत नेऊ नये म्हणून.

५ एप्रिल, गुड फ्रायडे

बारा ते तीन. केसातली फुलं घरीच काढून ठेवली. त्यांच्याकडे आज सुतक. बायका पांढऱ्या साड्यांत, पंखे फिरताहेत आणि कुणाला वारा लागत नाही, एवढी गर्दी. बाहेर मांडव घातला होता, तोही भरलेला. क्रूसावरून येशू सात वेळा बोलला म्हणे. त्या एकेका वचनावर प्रवचन, आणि मध्ये एकेक गाणं. क्वायरचं झालं. पोरांनीही गायलं, आज ड्रमशिवाय. मग आमचं.

मी नुसता षड्ज दिला. टीचरनी पहिली ओळ म्हटली, म्हातारी, घोगरी, मनासारखी हळू. पाच बायकांनी उचलली. धृपद आलं, आणि त्या वर गेल्या.

आधी पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला, फुटका. मग त्याच्या शेजारचा. दुसऱ्यांदा ‘आंडवरे’ आलं तेव्हा डावीकडची सगळी बाकं आली. तिसऱ्यांदा काय झालं ते मला सांगता येत नाही. मी एवढंच लिहिते की माझं व्हायोलिन मला ऐकू येईना. गज चालला होता, बोटं चालली होती, पण आवाज नव्हता. मांडी घालून वाजवताना पायाच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं टेकलेलं असतं, त्या हाडातून तेवढा कंप कळत होता, म्हणजे वाजत असणार. बाकी सगळं चर्च होतं. मांडवातून आवाज भिंतीवर आदळत होता, अर्ध्या मात्रेने मागे. कुणाची लय कुणाला नव्हती. वरचा षड्ज शेकडो जणांनी शेकडो जागी धरला होता, आणि त्या सगळ्याचं मिळून जे झालं, तो स्वर कुठल्याच पेटीत नाही. डॅनियल सारांची तळाची माणसं न सांगता आपली आपण खाली गेली आणि त्याला बूड आलं. मला वाटलं जमीन वर येते आहे. मी भ्यायले. खरंच भ्यायले, मोठ्या देवळात एकटं सापडल्यावर भिते तशी.

बेउला दिसली. गिटार भिंतीला टेकवून ती गात होती. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, हातात पुस्तक नव्हतं. तिला सगळं पाठ होतं! टीचरनीही तेव्हाच बघितलं. त्यांचं गाणं तुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि धृपद त्यांच्याशिवाय पुढे गेलं.

सहा कडवी संपली तरी लोक थांबेनात. परत धृपद, परत. अय्यर पुढच्या वचनासाठी उठले होते, ते खाली बसले. त्यांचेही ओठ हलत होते. मी गज मांडीवर ठेवला. कुणाला कळलंही नाही.

शेवटी ते आपोआप शमलं. मग कुणीच हललं नाही. ती शांतता आणि रविवारची शांतता यांत काय फरक होता, ते मला आज रात्री जेवताना ह्यांना सांगता आलं नाही. रविवारी ते माझ्याकडे बघत होते. आज माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

६ एप्रिल, शनिवार

अय्यर स्वतः घरी आले. ह्यांनी दार उघडलं आणि अगदी घरच्यासारखं म्हटलं, “या अय्यर, बसा.” कॉफी झाली.

कमिटीशी भांडावं लागलं नाही, म्हणाले. डॅनियल सारांनीच विषय काढला. उद्यापासून साडेआठच्या उपासनेत दर रविवारी एक कीर्तनै, प्रवचनानंतर, सगळ्यांनी बसल्या जागेवरून म्हणायची. पाठ नसलेल्यांसाठी बेउला आणि तिची पोरं शब्दांचे कागद काढताहेत, आणि चुकलं तर आजी दटावणार नाही असं आजीकडून कबूल करून घेतलंय.

मग त्यांनी कप खाली ठेवला. “अम्मा, एक सांगू? राग मानू नका. पुढे कुणी बसायचं नाही असं ठरलंय. गाणारं नाही, वाजवणारं नाही. पुढे कुणी बसलं की लोक ऐकायला लागतात.”

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. आणि ते बरोबरच आहे. ते गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिले. ह्यांनी विचारलं, “काय गे, वाईट वाटलं तुज?” म्हटलं, वाटलं. खोटं कशाला बोलू.

७ एप्रिल, ईस्टर

जाणार नव्हते. माझं तिथे काय काम? साडेआठ वाजत आले तसं ह्यांनी पेपरातून मान न काढता म्हटलं, “रिक्षा पाहिजे तर आतांच बोलाव, मग मिळत नाही.”

मधल्या बाकावर जागा मिळाली. हात रिकामे. कुठे ठेवायचे तेच कळेना, कधी मांडीवर, कधी पुढच्या बाकावर. ऑर्गन झाला, आणि पुन्हा अंगावर काटा आला. पोरांचे ड्रम झाले. ते मला आजही आवडले नाहीत, आणि आज मी त्याबद्दल कुणाला काही म्हणणार नव्हते.

प्रवचनानंतर अय्यर नुसते म्हणाले, “गाऊ या.” कुणी श्रुती दिली नाही. कुठून तरी मागून सुरू झालं, आणि वेगवेगळ्या बाकांनी वेगवेगळ्या वेळी ते उचललं. गाणं नवीन होतं, म्हणजे मला नवीन. मी तोंड मिटून बसले. माझा गळा कधीच गाण्याचा नव्हता.

शेजारी एक अनोळखी बाई होती, कडेवर झोपलेलं पोर. तिने माझ्याकडे बघितलं, मला वाटतं आधी माझ्या कुंकवाकडे, आणि आपला कागद अर्धा माझ्यापुढे सरकवला. ओळीवर बोट ठेवून दाखवलं, इथे. तिचा सूर उतरलेला होता, आणि ती घाई करत होती, प्रत्येक ओळ जरा आधीच संपवत होती.

मी तोंड उघडलं. पहिली ओळ मी बरोबर सुरात म्हटली आणि एकटी पडले. दुसऱ्या ओळीला तिचं बोट बघितलं, तिचा श्वास ऐकला, आणि खाली उतरून तिच्या सुरात, तिच्या घाईने, तिच्याबरोबर गेले.